‘बरे आहे’ म्हणणाऱ्यांचे दुखणे

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या वृत्तपत्रांतून एक बातमी ठरावीक शब्दांत पुनःपुन्हा छापून येते. नाव बदलते, गाव बदलते. मजकूर बदलत नाही. कधी तो कापूस पिकविणारा शेतकरी असतो, कधी दोन लेकरांची आई, कधी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा पदवीधर, तर कधी निवृत्तीस आलेला शिक्षक. आत्महत्येचे कारण समजू शकले नाही, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली आहे, एवढे सांगून बातमी संपते. आणि दारात जमलेली माणसे एकमेकांना सांगतात की, काल संध्याकाळपर्यंत तर चांगला हसत-बोलत होता.

हे वाक्य खोटे नसते. तो खरोखरच हसत-बोलत असतो. खोटा असतो तो त्यातून काढला जाणारा निष्कर्ष. कोणालाही काही कळणे शक्यच नव्हते, असे म्हणून घर, गाव, दवाखाना आणि सरकार ही चौघेही आपापली सुटका करून घेतात. वस्तुतः हसणे-बोलणे, कामावर जाणे, लग्नाकार्यात मिरविणे हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती समाजाच्या गळी अद्याप उतरलेली नाही, आणि त्याची किंमत खानदेशासारख्या भागाला माणसांच्या रूपाने मोजावी लागत आहे.

दुखणे शरीराच्या वाटेने येते

नैराश्य म्हणजे सतत रडणे, अंथरुणाला खिळणे, वेड्यासारखे बडबडणे अशी सर्वसाधारण समजूत आहे. वैद्यकशास्त्राची व्याख्या निराळी आहे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे किंवा पूर्वी ज्यात रस वाटे त्यातील रस नाहीसा होणे, ही तिची दोन मुख्य लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणे, सतत थकवा, एकाग्रता न होणे, आपण निकामी आहोत किंवा अपराधी आहोत असे वाटणे, हालचाली मंदावणे अथवा अस्वस्थपणा वाढणे आणि मरणाचे विचार येणे, यांपैकी काही असतात. या यादीत रडणे ही अट नाही. कामावर न जाणे हीदेखील अट नाही. दहा-बारा तास राबून, घरी आल्यावर मुलांशी खेळून, रात्री तीन वाजता जागा होऊन छताकडे पाहत पडणारा माणूस या व्याख्येत पूर्णपणे बसू शकतो. ‘हसरे नैराश्य’ असा निराळा रोग पाठ्यपुस्तकात नाही. आजार तोच असतो. त्यावर पांघरूण घातलेले असते, इतकेच.

त्यातून हे दुखणे पुष्कळदा मनाच्या भाषेत बोलतच नाही, शरीराच्या भाषेत बोलते. अंग दुखते, डोके जड होते, छातीत धडधडते, पोटात गोळा उठतो, हातापायांत त्राण राहत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसे दवाखान्यात येतात. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सारे ठीक निघते. मग ताकदीसाठी एक सलाईन, एक इंजेक्शन आणि पित्ताच्या गोळ्या देऊन रुग्णाची बोळवण होते. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच सुरू होते. पुढे डॉक्टर बदलला जातो, त्यापुढे भगत गाठला जातो. गोव्यात झालेल्या संशोधनात असे आढळले की, अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या दुखण्याचे नाते जंतुसंसर्गापेक्षा त्यांच्या मानसिक त्रासाशी अधिक निकटचे होते. म्हणजे स्त्री बोलत असते. ऐकणारा दुसरेच काही ऐकत असतो.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. प्रत्येक अंगदुखी म्हणजे नैराश्य नव्हे. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, मधुमेह, जीवनसत्त्वांची उणीव यांतूनही असाच थकवा आणि उदासी येते, म्हणून तपासण्या हव्यातच. परंतु तपासण्या निर्दोष आल्यावर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे रुग्णाला सांगणे हा वैद्यकीय निष्कर्ष नव्हे. ते प्रश्न विचारण्याचे टाळणे आहे.

हसणे ही पत राखण्याची अट

माणसे लपवितात का, हा प्रश्न सहसा स्वभावाचा म्हणून सोडून दिला जातो. तो मुख्यतः समाजरचनेचा आहे. अहिराणी मुलखात ‘कसं काय’ या प्रश्नाला ‘बरं शे’ हे एकच उत्तर ठरलेले असते. ते केवळ शिष्टाचाराचे नाही. कपाशीचे बियाणे, खते, औषधे बहुसंख्य शेतकरी कृषी केंद्राच्या दुकानातून उधारीवर उचलतो आणि वेचणीनंतर हिशोब मिटवितो. दुकानदार, सावकार, सोसायटीचा सचिव हे सारे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुढचा हात सैल करायचा की आखडायचा, हे ठरवितात. खचलेल्या माणसाला उधार कोण देईल? रावेर-यावलच्या पट्ट्यात एका वादळात केळीची बाग आडवी होते. त्या संध्याकाळीही बागाईतदाराला पारावर येऊन चार शब्द हसून बोलावे लागतात, कारण त्याची पडती बाजू कळताच येणेकरी दारात उभे राहतात. अशा ठिकाणी हास्य हे आनंदाचे चिन्ह नसून पत टिकविण्याची अट असते.

हीच अट निरनिराळ्या रूपांत सर्वत्र आढळते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई कारखान्याचा कामगार किंवा धुळ्याच्या यंत्रमागावरील विणकर एक दिवस घरी बसला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, चार दिवस बसला तर जागा जाते. त्याला आजारी दिसणे परवडत नाही. घरात कोणाला ‘डोक्याचा आजार’ आहे असे कळले तर मुलीचे स्थळ मोडते, म्हणून आई आपले दुखणे पित्तावर ढकलते. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर राबणारा शिक्षक गावात ‘गुरुजी’ म्हणून उभा असतो, आणि ती प्रतिष्ठाच त्याच्या तोंडाला कुलूप घालते. परीक्षेच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नात असलेला मुलगा घरून आलेल्या प्रत्येक फोनला ‘अभ्यास चांगला चालू आहे’ असे सांगतो, कारण त्याच्या अभ्यासासाठी घरचे जमिनीचा तुकडा विकून बसलेले असतात. बाळंतपणानंतर सासरी परतलेल्या सुनेला तर उदास होण्याचा अधिकारच नसतो. मुलगा झाल्यावर हिला रडायला काय झाले, असा प्रश्न विचारला जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. मरणाऱ्यांत एक चतुर्थांशाहून अधिक रोजंदारीवर काम करणारे होते आणि गृहिणींची संख्या २५,०००हून अधिक होती. म्हणजे ज्यांना थांबण्याची, आजारी पडण्याची, ‘मला जमत नाही’ म्हणण्याची सर्वांत कमी मुभा, त्यांचा वाटा या यादीत एवढा मोठा आहे. या प्रत्येकाला नैराश्याचा आजार होताच, असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु किती जणांना होता आणि कितींना त्यासाठी कोणी एक प्रश्न तरी विचारला होता, याची विचारणा व्यवस्था करीतच नाही.

रोग मनाचा की भावाचा?

या विषयावर डाव्या आणि समाजवादी वर्तुळांत एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शेतकऱ्याला गोळ्या नकोत, कापसाला भाव हवा. कामगाराला समुपदेशन नको, कायम नोकरी हवी. दारिद्र्याला मनोविकाराचे नाव देऊन सरकार आपली जबाबदारी झटकू पाहते, असा तो आक्षेप आहे. यात तथ्य आहे. हमीभावाने खरेदी वेळेवर सुरू करायची नाही, पीकविम्याचे पैसे द्यायचे नाहीत, आणि गावात मात्र सकारात्मक विचारांची व्याख्याने ठेवायची, हा उद्योग निषेधार्हच आहे.

तथापि या आक्षेपाची दुसरी बाजू तपासली पाहिजे. क्षयरोग गिरण्यांच्या चाळींतून फोफावला, कारण तेथे हवा नव्हती, अन्न नव्हते आणि विश्रांती नव्हती. म्हणून कोणत्या कामगार संघटनेने असे म्हटले, की आधी चाळी पाडा, तोवर खोकणाऱ्याला औषध देऊ नका? संघटनांनी चांगली घरेही मागितली आणि औषधही मागितले. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडल्या तेव्हा हजारो घरांतील कर्ते पुरुष एकाएकी रिकामे झाले. त्या घरांचा आर्थिक हिशोब मोर्चांतून मांडला गेला. रिकाम्या झालेल्या माणसाच्या मनाचा हिशोब कोणी मांडला नाही. त्यांतील कित्येकांचे दुखणे दारूच्या नावाने नोंदले गेले आणि दारूच्याच नावाने संपले.

शिवाय कर्जबाजारी असलेले बहुसंख्य शेतकरी आत्महत्या करीत नाहीत, आणि ज्यांच्यावर एका रुपयाचे कर्ज नाही अशी माणसेही नैराश्याने ग्रासली जातात. दुःख आणि नैराश्य यांत भेद आहे. दुःखी माणसाला चांगल्या बातमीने बरे वाटते. नैराश्यात चांगली बातमी आत पोहोचतच नाही. भाव वाढला तरी त्याला वाटते की, आपला काही उपयोग उरलेला नाही, आपण घरावर भार आहोत. हा विचार वस्तुस्थितीतून आलेला नसून आजारातून आलेला असतो, आणि आजार ओसरला की तोही ओसरतो. भाव आणि औषध यांत निवड करायला लावणे हीच मुळी फसवणूक आहे. श्रमिकाचा दोन्हींवर हक्क आहे.

चळवळीच्या घरातील प्रश्न

समाजवादी चळवळीने तर या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये, असे एक कारण तिच्या स्वतःच्या घरात आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात त्यांनी मुलांची आईच्या मायेने शुश्रूषा केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनी टिपून घेतली, १९३६च्या फैजपूर काँग्रेससाठी खानदेशातील गावे पालथी घातली, मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. मुलांना गोष्टी सांगणारा, गाणी शिकविणारा, अखंड लिहिणारा हा माणूस ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने जीवन संपवून निघून गेला. तेव्हा ते पन्नाशीत होते.

त्यांच्या मृत्यूचे वैद्यकीय निदान इतक्या वर्षांनी करू पाहणे अनुचित होईल. ते शास्त्राला धरून नाही आणि त्या व्यक्तीला न्याय देणारेही नाही. स्वातंत्र्योत्तर समाजाविषयी त्यांना वाटलेली व्यथा खरी होती. तिला रोग म्हणून खोडून काढणे हा अपराध ठरेल. परंतु चळवळीने त्या मृत्यूचा अर्थ लावताना बहुधा व्यथेची उंची तेवढी पाहिली. अशा मृत्यूला श्रद्धेपोटी आत्मार्पणाचे वलय देण्यात एक धोका असतो. पुढच्या पिढीतील एखादा खचलेला कार्यकर्ता त्यातून उपचाराचा नव्हे, अनुकरणाचा मार्ग घेऊ शकतो. व्यथा थोर असू शकते. ती व्यथा वाहणाऱ्या माणसाला तरीही मदतीची गरज असू शकते. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत.

गुरुजींच्या लेखनातील अश्रूंची मराठी साहित्यविश्वात थट्टा झाली, हेही विसरता येत नाही. ज्या समाजात रडणारा पुरुष हा थट्टेचा विषय होतो, त्या समाजातील पुरुष लवकरच रडणे लपवायला शिकतात. आणि चळवळी तरी याहून निराळ्या आहेत काय? पूर्णवेळ कार्यकर्ता मानधन न घेता गावोगाव हिंडतो, सभा लावतो, दुसऱ्यांच्या अडचणी सोडवितो. त्याची झोप कशी आहे, घरी चूल पेटते की नाही, हे बैठकीच्या विषयपत्रिकेवर कधीही नसते. २०२० साली वेतन थकलेले असताना आणि पुढे २०२१-२२च्या संपात एसटी कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या. संघटनांनी त्यांचा उपयोग सरकारला जाब विचारण्यासाठी केला, तो योग्यच होता. पण संपाच्या मंडपात बसलेल्यांपैकी आज कोण रात्र-रात्र जागतो आहे, हे विचारण्याची व्यवस्था किती संघटनांनी उभी केली?

चौदा जिल्ह्यांच्या बाहेरचा मुलूख

सरकारी व्यवस्थेचे चित्र असे आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली जाहीर झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर २० माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठल्याचे आढळले, आणि नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ उपचारांबाहेर होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तेच प्रमाण येथे लावून पाहावे. २०११च्या जनगणनेनुसार जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ६३ लाख होती. त्यांत प्रौढ ४० लाख धरले, तर या दुखण्याने कधी तरी गाठलेली दोन लाख माणसे या दोनच जिल्ह्यांत निघतात. ती कोणत्या ओपीडीत दिसतात?

२०१५ साली महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा स्वयंसेविकांनी घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणे शोधावीत आणि रुग्णाला उपचारांपर्यंत पोहोचवावे, ही त्यातील कल्पना अगदी योग्य होती. त्यासाठी आत्महत्याग्रस्त म्हणून मराठवाड्यातील ८ आणि विदर्भातील ६ असे १४ जिल्हे निवडले गेले. जळगाव, धुळे, नंदुरबार त्यांत नव्हते. चोपडा-पारोळ्याची काळी जमीन आणि पलीकडच्या बुलढाण्याची काळी जमीन यांत सरकारी नकाशाखेरीज कोणता फरक आहे? तोच कापूस, तेच कोरडवाहू शेत, तीच उधारी. पण रेघेच्या अलीकडच्या शेतकऱ्याचे मन तपासण्याजोगे ठरले नाही. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. उत्तर महाराष्ट्राच्या वाट्याला एकही नाही. धुळ्यात १९८८ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून तेथवर येण्यात दोन दिवसांची मजुरी जाते.

मृत्यूनंतर मात्र व्यवस्था जागी होते. शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते. कर्ज होते काय, नापिकी होती काय, वसुलीचा तगादा होता काय, हे तपासून ते ‘पात्र’ अथवा ‘अपात्र’ ठरविले जाते आणि पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात. मेलेल्या माणसाच्या सातबाऱ्याची इतकी कसून चौकशी करणारी यंत्रणा, जिवंतपणी त्याला झोप लागते काय, हे विचारण्यासाठी कोणालाही पाठवीत नाही.

उपाय आहे, आणि तो महाग नाही

हे सारे अटळ असते तर लिहिण्यात अर्थ नव्हता. नैराश्य हा बरा होणारा आजार आहे आणि तो खेड्यात बरा करता येतो, याचा पुरावा शेजारीच उपलब्ध आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविला गेला. गावातीलच कार्यकर्त्यांनी सभा घेतल्या, घरोघर विचारपूस केली, साधे समुपदेशन केले आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत नेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने थोड्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या सामान्य नागरिकांकरवी सहा ते आठ भेटींचे समुपदेशन दिले. तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी ६४ टक्के तीव्र लक्षणांतून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. पद्धत तरी काय? खचलेल्या माणसाने बंद केलेली लहान लहान कामे, जसे सकाळी शेताला फेरी, मित्राकडे एक चक्कर, भजनाला जाणे, ही ठरवून, थोडी थोडी, पुन्हा सुरू करवायची आणि त्याने मनाला काय वाटते हे त्याच्याबरोबर तपासत जायचे. बरे वाटेल तेव्हा काम करीन, हा क्रम उलटा करायचा: काम सुरू कर, म्हणजे बरे वाटू लागेल.

आजार मध्यम अथवा तीव्र असेल तर औषध लागते. फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम यांसारखी औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि जेनेरिक स्वरूपात स्वस्त आहेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून सोडून देणे ही सर्वांत मोठी चूक. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने ती घ्यावी लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू थांबवावी लागतात. झोपेच्या गोळ्यांसारखी त्यांची सवय लागत नाही. पूर्वी कधी विनाकारण अतिउत्साहाचे, न झोपता धावपळ करण्याचे दिवस आले असतील, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण मग औषध बदलते.

ओळखायचे कसे, याला तज्ज्ञ लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहते काय? ज्यात पूर्वी रस वाटे त्यातला रस गेला आहे काय? या दोन प्रश्नांनी सुरुवात करता येते. ‘कसे काय’ असे न विचारता ‘रात्री झोप लागते का’ असे विचारले तर ‘बरं शे’ हे तयार उत्तर चालत नाही. पारावर येणे बंद झालेला, चिडचिडा झालेला, दारू वाढलेला, निरवानिरवीची भाषा करणारा किंवा दीर्घ अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत झालेला माणूस लक्षात घेतला पाहिजे. मरणाचे विचार येतात काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार मनात पेरले जातात ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी विचारल्याने ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके दूर कुलपात हलवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही बोलते.

मागण्या आणि जबाबदारी

पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न ‘फवारणी करताना विषबाधा’ म्हणून लपविला जातो आणि वाचलेला माणूस मनाच्या उपचारांविना घरी परततो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे ३०९ कलम उरलेले नाही. हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले गेले पाहिजे. त्याच कायद्यानुसार अत्यावश्यक यादीतील मनोविकारांची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्व सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे, आणि जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. हे कलम वापरून खानदेशातील संघटनांनी तालुक्यातालुक्यांतून मागणी अर्ज दाखल करावेत.

घरोघर तपासणीची योजना जळगाव, धुळे, नंदुरबारमध्येही राबविली जावी, ही मागणी पुढे रेटलीच पाहिजे. मात्र हे काम आशांच्या माथी फुकट मारले जाऊ नये. राज्यातील आरोग्यसेवेचा डोलारा ‘स्वयंसेविका’ म्हणविल्या जाणाऱ्या या स्त्रियांच्या अल्प मोबदल्यावर उभा आहे. दुसऱ्यांच्या मनाची विचारपूस करणाऱ्या स्त्रीला तिच्या श्रमाचे योग्य वेतन आणि प्रशिक्षण मिळाले नाही, तर योजना कागदावर राहील आणि उद्या तीच स्त्री रुग्ण होईल.

सरकारकडे मागताना संघटनांनी स्वतःकडेही पाहावे. दूध संघ, शिक्षक संघटना, कामगार युनियन, सेवा दलाची शाखा, महिला बचत गट यांपैकी प्रत्येकाने दोन कार्यकर्ते या कामासाठी तयार करणे अशक्य नाही. मनाच्या चंचलतेवरची मराठीतील सर्वांत प्रसिद्ध कविता ज्या बहिणाबाई चौधरींनी रचली, त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या, शेतात राबणाऱ्या, तरुणपणीच विधवा झालेल्या निरक्षर स्त्री होत्या. मन हा शिकलेल्या, पोट भरलेल्या माणसांचाच विषय आहे, असे निदान खानदेशात तरी कोणी म्हणू नये. श्रमिकाच्या पोटाची मागणी करणाऱ्या चळवळीने त्याच्या मनाचीही मागणी केली पाहिजे. आणि ती मागणी सभेच्या व्यासपीठावर पोहोचण्याआधी, सतरंजीवर शेजारी बसलेल्या सोबत्याला ‘रात्री झोप लागते का’ असे विचारण्यापासून तिची सुरुवात झाली पाहिजे.